सव्वीस पानांची वही

शिफ्ट सुटली की हातावरची वाळू झाडून
मी राजारामपुरीत जातो, नवव्या गल्लीत,
झेरॉक्सच्या दुकानावर, लोखंडी जिना चढून.
मुल्लाणी मॅडमचा क्लास. बाकी सगळी पोरं.
माझे गुडघे बाकाखाली मावत नाहीत.

मॅडमनी वही दिली सव्वीस पानांची,
पानागणिक एक अक्षर, वर ठळक.
"उपयोगाचे शब्द गोळा करा, रंगरावकाका,
रोज दोन. घाई नाही."

पहिलं पान ए.
ए म्हंजे आमच्यात हाक. ए, हिकडं ये!
आणि ओ म्हंजे त्या हाकेला दिलेला जबाब.
बी म्हंजे सुद्धा. मी बी, तू बी, म्हस बी.
मॅडम हसल्या. म्हणाल्या, हे पण लिहून ठेवा.

खरं मी सुरुवात केली आर पासनं.
एकोणीस वर्षांचा होतो, उद्यमनगरात,
माझ्या हातचं पहिलं कास्टिंग, अजून कोमट,
आणि फोरमननी त्याच्यावर लाल खडूनं
एकच अक्षर काढलं.
मला वाटलं, माझं नाव घातलं. रंगरावचा आर.
दोन दिवस मिरवलो.
तिसऱ्या दिवशी तो तुकडा
परत भट्टीत जाताना बघितला.
रिजेक्ट.

त्या पानापासनं वही भराभरा भरली.
सी ला कोअर, एल ला लॅडल, एम ला मोल्ड,
एस ला स्लॅग, स्क्रॅप, श्रिंकेज, जागा पुरेना.
एक्सवर पोरं अडली, तवा मी म्हटलं एक्स-रे,
हाडाचा नव्हं, कास्टिंगचा.
झेडला गेटवरची पाटी: झीरो डिफेक्ट.
सत्तावीस वर्षं मी इंग्रजीच बोलत होतो की
आणि कुणी सांगितलं नाही.

मॅडम म्हणाल्या, आता वाक्य करा.
बसलो.
मोल्ड. स्लॅग. रिजेक्ट.
नुसते तुकडे, यार्डात टाकल्यासारखे,
एकाला एक चिकटंना.
वेल्डिंगचा रॉडच नव्हता माझ्याकडं.

दिवाळीआधी तपासायला परदेशातनं साहेब आलेले,
फुटका तुकडा माझ्यापुढं धरून म्हणाले, व्हाय?
मला माहीत होतं.
वाळूत ओल होती, पत्रा गळत होता रात्रभर.
कारण होतं माझ्याकडं,
"कारण" नव्हतं.

ते बी च्या पानावर घावलं. बिकॉज.
म्हस बी च्या खाली लिहिलं.
यू ला अन्टिल. वाय ला येट.
आणि ए ला ऑलदो,
ज्याची शेवटची तीन अक्षरं मुकी.
प्रणील चिडला, बोलायची नाहीत तर लिहायची कशाला?
मी म्हटलं, बाळा, रायझर असतंय ते.
ओतताना जास्तीचं लोखंड, मागनं कापून टाकायचं.
पण ते नसलं तर तुकडा आतनं पोकळ निघतो.
मॅडम खडू हातात धरून
फळ्याकडं बघत राहिल्या जरा वेळ.

फेब्रुवारीत ते साहेब परत आले.
परत एक तुकडा. परत व्हाय.
हात पुसले. म्हटलं, बिकॉज.
एवढ्या एका शब्दावर अख्खं शॉप थांबलं,
ब्लोअर तेवढा चालू.
साहेब मान पुढं करून उभे.
पुढचं काही आलंच नाही तोंडात.
मग मूठभर वाळू उचलली,
त्यांच्या तळहातावर ठेवली
आणि त्यांची बोटं मिटवली माझ्या हातानं.
उघडली, तर वाळू तळव्याला चिकटलेली.
"वेट," ते म्हणाले.

डब्ल्यूच्या पानावर अजून जागा होती.