शंभराचा हिरवा

सोनेगावच्या विमानतळावर, टिनाच्या शेडमागे,
कवडूजी धकाते काचेची बरणी
बॅटरीच्या उजेडात धरायचे.
बिडी मात्र शंभर पावलं लांब, चिंचेखाली.

पुस्तिका सांगायची: साठ अंशाला घनता मोजा.
मे महिना. रात्री अकरालाही पिंपाला हात लावला
तर चटका.
"साठ अंश! लिवनाऱ्याले आना जी इथं,"
म्हणत ते पेन्सिलीनं कोष्टकात उतरायचे,
एकेक अंश वजा करत.

पाचपावलीला बापाचा माग.
रंग फिका उतरला तर अख्खी लडी रंगाऱ्याकडे परत,
भले पोरं उपाशी झोपोत.
तो डोळा कवडूजींकडे वारशानं आलेला,
आणि कानही.
"हलकं पेट्रोल पाजलं का इंजन आतून ठोकते.
घरी धोटा ठोकला तं भाकर.
तिथं वर ठोकलं, तं..."
पुढचं बोलत नसत.

एका रात्री त्यांनी मद्रासचं टपाल अडवलं.
पायलट घड्याळ दाखवत राहिला.
साहेब म्हणाले, हिरवंच तर आहे.
कवडूजींनी बरणी डोळ्यापुढून हलवली नाही.
"हिरवं हाये. शंभराचं नाही."

दुसरं पिंप. मऊ कातड्यातून गाळणं, थेंब थेंब.
पन्नास मिनिटं.
पत्रं उशिरा पोचली असतील कुठं कुठं,
कुणी पोस्टमनला बोल लावला असेल.

नोंदवहीत एवढंच:
पिंप सतरा. फिकं. परत.
खाली सही, आणि अंगठ्याचा एक डाग,
केव्हाच उडून गेलेला,
पण कागद तिथं
अजून जरा हिरवा आहे.