वाट पाहण्याचा नकाशा

आकडा चांगलाच होता : बारा.
बारा मिलिसेकंद, सरासरी.
पुण्याच्या कंपनीतला माणूस फोनवर म्हणाला,
मॅडम, तुमची सिस्टिम ठणठणीत आहे.
आणि इकडं पतसंस्थेच्या काउंटरवर
पारिसा चौगुले एंटर दाबून पंख्याकडं बघत बसलेला,
समोर हौसाक्का, पासबुक उघडं धरून :
"मशीन निजलं काय रं तुजं?"

सरासरीचं असंच असतं.
तांबडा आणि पांढरा एका वाटीत ओता, ढवळा,
जो रंग येईल तो
कुठल्याच पातेल्यात नव्हता.

म्हणून त्या रात्री मी आकडा झाकून ठेवला
आणि दिवसभराच्या खेपा एकेक करून कागदावर मांडल्या.
आडवी, वेळ.
उभं, वाट पाहणं.
जिथं दाटी तिथं रंग गडद.

तळाशी एक जाड पट्टा उमटला,
एका दमात काम झालेल्यांचा.
आणि वर, पार वर,
उसाच्या सऱ्या पडाव्यात तशा
समान अंतरावर बारीक उभ्या रेघा.
मध्ये मोकळं रान.
बाराच्या आसपास
कोणीच राहत नव्हतं.

बॅकअप बघितला. केबल बदलली.
अँटिव्हायरसला शिव्या घातल्या.
तीन रात्री, तीन थर्मास चहा,
रेघा होत्या तिथंच.

मग सोमवार आला.
चित्रात फक्त तळाचा पट्टा, वर स्वच्छ.
सोमवारी काय नसतं?
संस्था उघडी, गर्दी तीच, वायरी त्याच.
दुपारी अचानक भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं,
चार वर्षांत पहिल्यांदा.
सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
आमच्या सर्व्हरच्या भिंतीपलीकडचा घण
सुट्टीवर होता.

डिस्कचं डोकं केसाहून कमी उंचीवर तरंगतं.
हादरा बसला की ओळ चुकतं,
मग तीच जागा फिरून खाली येईपर्यंत
थांबतं.
तेवढ्यात हौसाक्काचा पाय अवघडतो.

मंगळवारी प्रिंट घेऊन शेजारी गेले.
मालक नव्हते. घणावर भरमा पाटोळे.
त्यानं हात चिंधीला पुसले, कागद आडवा धरला, उभा धरला,
मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तोवर
"ह्ये माजं हाय," म्हणाला.
काळं बोट रेघांवरून चालू लागलं :
हितं च्या.
हितं पट्टा निसटला.
ह्या दाट रेघा? मुकादम आलता.
सव्वातीनला अकरा मिनिटांची फट होती.
बोट तिथं थांबलं,
मागं गेलं, पुन्हा तिथंच आलं.
तो काही बोलला नाही.
मीही विचारलं नाही.
कागद घडी करून त्यानं खिशात घातला,
माझा एकुलता पुरावा.

शिरोली नाक्यावरून ट्रकच्या टायरचं रबर आणलं,
कापून रॅकच्या चारी पायांखाली सारलं.
खर्च तीनशे चाळीस, व्हाउचर जोडलं आहे.
संचालकांनी विचारलं, रबर कशाला?
सांगितलं, ते हसले, सही केली.
पारिसा आता पंख्याकडं बघत नाही.
हौसाक्काला कौतुक वाटलं नाही, ती म्हणाली,
"आदी करायला काय झालं हुतं?"

चित्र रोज काढते अजून.
तळाला पट्टा, वर स्वच्छ, मंगळवारही सोमवारासारखा.
रेघा गेल्या. त्यांच्यासोबत
पलीकडचा चहा, पट्टा, मुकादम गेला.
सव्वातीन वाजले की मी उठते,
सर्व्हरच्या खोलीत जाऊन
भिंतीला तळहात लावते,

ठोका येतो.
ठोका येतो.

मग मोजत उभी राहते.