त्याज्य

उद्यमबागेत, गल्लीच्या टोकाला,
चार लेथ, एक ग्राइंडर, आणि मी हिशेबाला.
बोर्डाचा फॉर्म आलाय, कन्नडात.
रकाना सहावा :
अपायकारी त्याज्य. हौदु, इल्ल.
अपाय कळतो. त्याज्य तर घरचाच शब्द,
एकादशीला कांदा असतो तसा.
पण शेडमागचा हा ढीग?

बिडाचा चुरा कोरडा,
वारुळाच्या मातीसारखा, हाताला काळा.
तो बिनतेलाचाच कापला जातो. भंगार. लिहिलं.
पितळेचा कीस
नारळासारखा पोत्यात भरून ठेवतात,
त्याला कचरा म्हणायची कुणाची छाती नाही.
अडतंय ते स्टीलच्या वेटोळ्यांपाशी,
निळी पडून उतरतात
आणि दुधाळ कूलंट अंगावर घेऊन बसतात.
ग्राइंडरखालच्या गाळाचं नाव काढलं
की मालक चहा मागवतात.

भरमाणीमामा सांबरेकर म्हणाले,
"टांगून बघ की ग. कळतंय."

जाळीच्या बुट्टीत वेटोळी भरली,
खाली पेपर अंथरला.
पानावर सीमाप्रश्नाची बातमी होती,
पुढची तारीख पडल्याची.
सकाळी तिच्यावर ताटाएवढा डाग.
नवा पेपर. दुसऱ्या दिवशी वाटीएवढा.
तिसऱ्या दिवशी रुपयाएवढा,
चौथ्या दिवशी नुसत्या बातम्या.

उळ्ळागड्डी मॅडम स्कूटरवरून आल्या,
हेल्मेट काखेतच.
मूठभर वेटोळं रुमालात धरून पिळलं.
"एण्णी ऐतेन?"
"इल्ल, मॅडम."
रुमाल उलगडून उजेडात धरला.
टिकमार्क. इल्ल.

मग चक्क मराठीत :
"आणि गळलेलं कुठं ठेवलंय?"

बॅरल दाखवलं. झाकण घट्ट,
वर माझ्या अक्षरातली पिवळी चिठ्ठी.
मग त्या आपणहून ग्राइंडरकडे वळल्या,
वाकल्या, काडीनं गाळ ढवळला.
मालकांनी चहा मागवला.
चहावर साय धरली.
हौदु, त्यांनी लिहिलं,
आणि खाली दोन रेघा ओढल्या.

साक्षीदार म्हणून मामांची सही हवी होती.
बाही मागे सारली त्यांनी,
मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ,
जुनं, खपली धरलेलं, पुन्हा फुटलेलं.
एकतीस वर्षं हा हात त्या दुधात आहे.
मॅडमचं पेन थांबलं.
त्यांनी फॉर्म उलटून
मागचं पानही बघितलं.

"इथं, मॅडम?" मामांनी विचारलं.
"हो, इथंच," त्या म्हणाल्या, "सही."

मामांच्या घरी मी एकदा गेले होते, मच्छ्याला.
परसात दोन बादल्या.
एक सगळ्यांची.
दुसरीच्या कडीला लाल चिंधी बांधलेली,
तिच्यात फक्त त्यांचे कामाचे कपडे,
आणि ते पाणी
मावशी भाजीच्या वाफ्याला घालत नाहीत,
लांब, रस्त्यापलीकडे नेऊन ओततात.
त्यांना कुणी फॉर्म दिला नव्हता.