प्रॉम्प्टरची वही

पार्नू, फेब्रुवारी १९१८

माझं नाव कुठल्याच फलकावर लागलं नाही.
बारा वर्षं विंगेतल्या स्टुलावर बसून
मी इतरांची वाक्यं सांभाळली.
कोण कुठे अडखळणार ते मला आधी कळायचं,
श्वासावरून कळतं ते.

त्या संध्याकाळी नाटक नव्हतं.
खरं तर सरकारही नव्हतं.
झार गेला त्याला वर्ष होत आलेलं,
लाल फौजेची आवराआवर चाललेली,
आणि जर्मन अजून बर्फात, वाटेवर.
पडदा वर, रंगमंच रिकामा.
असं फार वेळ राहत नाही,
कुणीतरी घुसतंच.

छापखान्यातून यूहान सार्व आला,
कोटाच्या आत कागद, शाई अजून ओली.
म्हणाला, आल्मा, सज्जातून वाचायचंय.
वाचणाऱ्याचे पाय लटपटतायत.
तू मागे उभी राहा.

मी पेन्सिल काढली. हाताची खोड.
'स्वतंत्र'च्या आधी उभी रेघ, म्हणजे श्वास घ्या.
'आजपासून'च्या खाली दोन आडव्या.
मग विचारलं,
कुणी सांगितलं, आजपासून?
आपल्याला हे दिलं कुणी?
यूहान म्हणाला, नाटकात राजा कसा होतो?
मी म्हटलं, एकजण मुकुट घालतो
आणि बाकीचे वाकतात, तेव्हा.
हेही तसंच, तो म्हणाला,
फक्त इथे वाकायचं नाही.

म्हण आहे ना,
बोलणाऱ्याचे हुलगे विकले जातात,
न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात.
सातशे वर्षं आम्ही दुसऱ्याच्या कोठारात
गहू होऊन पडलो होतो.

सज्जाखाली माणसं. कंदील थोडे, वाफा जास्त.
शिंपी मेंडेल गळ्यातली टेप न काढताच आलेला.
समोरच्या खिडकीत औषधवाल्याची जर्मन विधवा,
पडद्याची कड बोटात धरून.
आणि तिची मोलकरीण मीना खाली रस्त्यावर,
बादलीसकट.

तो वाचू लागला. बरा वाचत होता.
या भूमीवरच्या सगळ्या लोकांना उद्देशून, असं आलं
तेव्हा मेंडेलने मागे वळून पाहिलं,
सगळ्यांमध्ये आणखी कोण कोण आहे ते.
मग धर्म कुठलाही असो, वंश कुठलाही असो,
कायद्यापुढे सगळे...
आणि तो थांबला.
कागदावर होतं. त्याला दिसत होतं.
तोंडातून निघेना.
मला माहीत आहे तो अडथळा,
पाठांतराचा नसतो तो,
नटाला स्वतःचंच वाक्य
अचानक खरं वाटू लागतं, त्याचा असतो.

समान, मी कुजबुजले.
आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज वर गेला.
खालच्यांनी तो शब्द दोनदा ऐकला,
एकदा बाईच्या आवाजात, एकदा पुरुषाच्या.
मेंडेल हसला. म्हणाला,
दुहेरी शिवण. उसवायची नाही.

(उसवली. पुढे अनेकदा उसवली.
मेंडेलचं काय झालं ते मी आज सांगणार नाही.)

गर्दी पांगताना मीनाने मला गाठलं.
नागरिक म्हणजे मीपण?
मी म्हटलं, हो.
जरा विचार करून म्हणाली,
मग मालकीणबाईंना विचारावं लागेल का?

दोन दिवसांनी जर्मन आले,
बूट, घोडे, व्यवस्थित रांगा.
भिंतीवरचे कागद खरवडायचा हुकूम निघाला.
खळ थंडीने दगड झालेली,
सुरीचं पातं वाकायचं, कागद सुटायचा नाही.
नाट्यगृहाची भिंत मीनाच्या वाट्याला आली.
गरम पाणी, घासणी, पाठीशी एक शिपाई
वय असेल एकोणीस.
ती दुपारभर घासत होती.
देश गेला, तारीख गेली, सह्या गेल्या.
मग कंबर धरून ती उभी राहिली.
भिंतीवर एकच तुकडा उरला होता,
'पासून'.

शिपायाने बोट दाखवलं.
मीनाने बादली उलटी करून दाखवली.
पाणी संपलं, ती म्हणाली,
आमच्या भाषेत.