मोजून आणलेले केस

इंदूरला, रामबागेत, शिंप्याच्या दुकानावर
अठरा पायऱ्या चढून माणसं येतात,
संध्याकाळी सहा ते नऊ.
टोपी घालून येतात, ओढणी घेऊन येतात.
एक जण हेल्मेटसकट आत आला
आणि काच वर करून म्हणाला,
"मॅडम, हेल्मेटनं जातात का?"
नाही हो. हेल्मेटनं डोकं वाचतं.
केस आपल्या हिशोबानं जातात.

वीस वर्षं तेच प्रश्न.
पण विचारणारा पहिल्यांदाच विचारत असतो,
म्हणून उत्तरही कोरं द्यावं लागतं.

रोज पन्नास, शंभर जाणारच.
रात्री सराफ्यात याहून जास्त द्रोण पडतात पायाशी,
कोणी घाबरतं का?
तुळतुळीत केल्यानं दाट येत नाहीत;
कापलेलं टोक बोथट असतं, हाताला राठ लागतं, एवढंच.
कांद्याचा रस? घरचे लांब बसतील.
बाकीची खात्री मी देणार नाही.
आईकडून येतं की बाबांकडून?
दोघांकडून. बाहेर जाऊन भांडा.

राठीसेठचा शेवेचा कारखाना.
"गारंटी बोलो मॅडम."
सेठ, पावसाळ्यात तुम्ही कुरकुरीतपणाची देता?
ते हसले. फी मात्र मोजून दिली.

शार्दूल फणसे, सत्तावीसचा, लग्न फाल्गुनात.
लोशन दिलं. तीन आठवड्यांत धापा टाकत वर:
"जास्तच गळतायत!"
सुरुवातीला होतं असं. जुने जागा सोडतात.
चार-सहा महिने धीर धर.
"फाल्गुनाला तीनच उरलेत."
मग मुलीला सांगून टाक.
"तिला माहितीये. तिच्या बाबांना नाही."
त्यांच्या डोक्यावर किती आहेत?
तो थांबला, आठवू लागला,
आणि अठराच्या अठरा पायऱ्या हसत उतरला.
औषध सोडलं की कमावलेलं परत जातं,
हे त्यानं विचारलं नव्हतं. कोणीच विचारत नाही.
मी जिन्यावरून ओरडून सांगितलं.

ईशा, नऊ वर्षांची. कानामागे रुपयाएवढी चाई.
शेजारीण म्हणाली, किड्यानं खाल्ले.
किडा नाही गं. तुझ्याच अंगातले शिपाई
चुकून तुझ्याच घरावर धाड घालतायत.
"मग त्यांना कोणी सांगत का नाही?"
हे मलम म्हणजे त्यांना लिहिलेली चिठ्ठी.
"वाचता येतं त्यांना?"
बहुतेकांना येतं, म्हटलं. काही उशिरा शिकतात.

आणि कार्तिकात प्रमिला बुळे आल्या.
पर्समधून वर्तमानपत्राची पुडी काढली,
दोरा सोडला.
"एकशे चाळीस. कालचे. मोजलेत."
थायरॉइड ठीक. लोह जरासं कमी.
तीन महिन्यांमागे ताप? टायफॉइड? ऑपरेशन?
"नाही. काही नाही झालं मला."
पुडीची घडी सारखी केली, पुन्हा विस्कटली.
"श्रावणात हे गेले.
पण मी रडले नाही हो. घरात पाहुणे होते,
बघायला कोणीतरी हवं होतं."

मी सांगू लागले, जसं सगळ्यांना सांगते:
मोठा धक्का बसला की खूपसे केस
एकदम वाढायचे थांबतात,
तसेच चिकटून राहतात डोक्याला,
आणि दोन-तीन महिन्यांनी, सगळं निवलं असं वाटत असताना,
मूठमूठ हातात येतात.
मुळं शाबूत असतात. सहा-नऊ महिने लागतील.
गेलेले येतात परत, मी म्हटलं,
आणि जीभ चावली.

खाली शिंप्याचं मशीन थांबलं होतं.

"केस," मी म्हटलं.
"केस," त्याही म्हणाल्या.
मग पुडीकडे बघत, हळू:
"म्हणजे यांना कळलं होतं. मला कळायच्या आधी."

लोहाच्या गोळ्या लिहिल्या.
चहाबरोबर घेऊ नका, लिंबू चालेल.
पुडी टाकू का, मी हात पुढे केला.
"असू दे," म्हणाल्या,
दोरा दोनदा गुंडाळून गाठ मारली
आणि कठड्याला धरून उतरू लागल्या.

पुढचा आत आला. टोपी काढेना.
बसा, म्हटलं. काढा सावकाश.