आज मार्क काय

वह्या छत्तीस. लाल कापडी पाठीच्या.
डाव्या रकान्यात तारीख, उजव्यात मार्कचा भाव,
मधे काहीच नाही.
सातगोंडा मगदूम, हेडक्लार्क.
अक्षर असं की पैशांआधीचं टिंबसुद्धा ताठ उभं.
त्यांच्या सुनेनं रद्दीवाल्याला परत पाठवून
वह्या माझ्याकडं आणून दिल्या.

पहिली नोंद चौऱ्याहत्तरची :
तीन रुपये बारा पैसे.

उद्यमनगरच्या फौंड्रीत मी टायपिस्ट म्हणून लागले
तेव्हा पंधरावी वही चालू होती.
साडेदहाला बँकेचा फोन यायचा.
अण्णा उभं राहून ऐकायचे,
बसून भाव घेत नसत.
मग खडूनं फळ्यावर.
भट्टीजवळनं हसन शिकलगार ओरडायचा,
"अण्णा, आज मार्क काय?"
जर्मनी सोडा, तो सांगलीलासुद्धा
लग्नाकार्यापुरता गेलेला.
पण त्यानं ओतलेली पंपाची केसिंगं
हॅम्बुर्गला उतरायची
आणि फळ्यावरच्या त्या आकड्याचा एक काटा
त्याच्या ओव्हरटाइमला टोचलेला असायचा.

ब्याऐंशी, त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी :
मार्क चाराच्या आसपास,
पंचगंगेत बसलेल्या म्हशीगत,
उठ म्हटलं तरी उठत नाही.
अण्णांच्या मुलीचं लग्न त्यातच कधीतरी झालं.
वहीत नोंद नाही.
फक्त दोन दिवस अक्षर दुसऱ्या कुणाचं.

एक्क्याण्णवचा जुलै.
सोमवारी रुपया पाडला. बुधवारी परत.
चीत झालेल्याला उचलून पुन्हा आपटावं
असं खासबागेतसुद्धा कुणी करत नाही.
अकरा-सत्तरचा मार्क चौदाच्या वर गेला.
मालकांनी पेढे आणले.
ऑर्डर जुनीच, मार्कातली,
जागची न हलता फुगली होती.
शिकलगारनं दोन खाल्ले, एक खिशात घातला.
मी खाल्ला.
अण्णांनी आपला वहीशेजारी ठेवला,
संध्याकाळपर्यंत मुंग्यांनी त्याचा हिशेब पुरा केला.
"अण्णा, खाल्ला का नाही?"
"पोरी, आपल्यातलं कोण पडलं
की पेढं वाटत्यात व्हय?"

पुढच्या आठवड्यात मिक्सरचा गिअर मोडला,
जर्मनच होता.
त्याचं बिल आल्यावर
पेढ्यांचा विषय कुणी काढला नाही.

एकतीस डिसेंबर दोन हजार एक.
एकवीस रुपये, आणि पुढचे पैसे
खोडून पुन्हा लिहिलेले.
सगळ्या वह्यांत खाडाखोड एवढीच.
दुसऱ्या दिवसापासून तिकडं युरो.
अण्णा रिटायर होऊन चार वर्षं झालेली,
मला वाटलं, इथं लाल रेघ असेल.

रेघ नाही.
पेपरातला युरोचा भाव,
भागिले एक पूर्णांक नऊ पाच पाच आठ तीन,
समासात पेन्सिलीनं मांडलेला भागाकार,
आणि उजव्या रकान्यात, शाईनं,
बंद पडलेल्या नाण्याचा आजचा भाव.
रोज. जवळजवळ आठ वर्षं.

शेवटची नोंद ऑगस्ट दोन हजार नऊ :
पस्तीस रुपये अठ्ठावीस.
मी तो भागाकार करून पाहिला.
चार पैशांचा फरक येतो.
हात थकला असेल,
नाहीतर पेपरात चुकीचं छापलं असेल.
मी दुसरं धरते.

हॅम्बुर्गच्या पाहुण्यानं दिलेलं एक मार्कचं नाणं
ऑफिसात अण्णांच्या टेबलाच्या
आखूड पायाखाली अजून आहे.
तिकडच्या बँकेत म्हणे आजही बदलून देतात,
अर्ध्या युरोला.
पण काढलं की टेबल हलतं.

परवा भट्टीवर नवा पोरगा,
जन्म दोन हजार चारचा,
शिकलगारच्या नातवाला लांबनंच म्हणाला,
"काय भावा, आज मार्क काय?"
"बरा हाय की," तो म्हणाला,
आणि दोघं साचा उचलायला वाकले.