बरणी उघडण्याआधी

ऑरिन टॅनरनं इस्पितळात जाताना
घराची किल्ली मागच्या गल्लीतल्या भाच्याला दिली.
मला दिली एक बरणी, जाड काचेची,
आणि म्हणाला, तुझ्या फ्रीजरमध्ये अगदी मागे ठेव.
दाराशी नको. दार सारखं उघडमीट होतं,
ते त्यांना सोसत नाही.

आत फिल्मच्या रिळांच्या काळ्या डब्या.
डबीवर चिकटपट्टी, पट्टीवर पेन्सिल:
ईलचा काठ, ९१.
व्हर्नाची, ९४.
ही कुठली ते आठवत नाही.
तळाशी निळ्या खड्यांची पुरचुंडी.
खडे गुलाबी झाले, की समज ओल शिरली.

फॉर्चुनात ओल कुठे नाही?
धुकं समुद्रावरून येतं आणि मुक्कामाला राहतं.
मिठाला पाणी सुटतं, पापड मऊ पडतात,
पासपोर्टलासुद्धा कुबट वास.
मी चीजच्या कारखान्यात ओलावाच मोजते दिवसभर,
शेकडा इतका, शेकडा तितका, खाली सही.
तरी त्यानं मला शिकवलं:
बी झोपलेलंही नसतं आणि मेलेलंही.
श्वास घेत असतं, फार सावकाश.
कोरडं ठेवलं, गार ठेवलं, की आणखी सावकाश.

तर पुढे मटार, मध्ये खवलेला नारळ,
आणि त्यामागे गांजाचं बी.
आईला फोनवर म्हटलं, शेजाऱ्याचं बियाणं सांभाळतेय.
ती म्हणाली, राखेत घोळव, एखादा बिब्बा टाक.
कशाचं ते विचारलं नाही.
बियाणं म्हटलं, की आमच्याकडे पुढचं विचारत नाहीत.

सप्टेंबरात वीज गेली.
डोंगरात वारा सुटला, वणवा लागेल
म्हणून कंपनीनंच तोडली. तीन दिवस.
मटार गेले असणार, नारळ आंबला असणार.
रात्री दोनदा उठून फ्रीजरच्या दारावर तळवा ठेवला,
तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा,
फक्त भीती उलटी.
उघडलं मात्र नाही.

चौथ्या दिवशी बरणी ओट्यावर काढली.
काचेला घाम फुटला.
आता झाकण फिरवलं, तर हा घाम आत जाणार.
बरणी खोलीइतकी होऊ दे, मग हात लाव:
त्याचं सगळ्यात कडक कलम.
मी रात्रभर हात लावला नाही.
सकाळी खडे निळेच होते.

गारवा एकदा तुटला, की दहा दाणे तपासून घे,
असंही त्यानं सांगून ठेवलेलं.
व्हर्नाच्या डबीतले घेतले,
टिटवीच्या अंड्यांसारखे, करड्यावर तपकिरी रेघोट्या,
मिरीहून लहान.
मटकीला मोड आणते त्याच पंचाच्या फडक्यात,
ओलं करून, घट्ट पिळून, बांधून,
पाणी तापवायच्या टाकीपाशी, अंधारात.
दुसरा दिवस, काही नाही.
तिसरा. एकाला बुरशी.
पाचव्या सकाळी दोन टरफलं उकलली होती,
मधून पांढरं टोक,
नखाच्या चंद्राएवढं.

इस्पितळात सांगितलं, दहात दोन.
ऑरिननं नळी नसलेल्या हाताची बोटं मोजली,
जणू त्याच्या मोजणीत जास्त भरतील.
मग म्हणाला, वाईट नाही.
व्हर्नाला शेवटी काही ठरत नव्हतं पोटात.
ह्याचे दोन झुरके घेतले, की अर्धी वाटी सूप जायचं.
आणि बी ती स्वतःच वेचायची,
चष्म्यावर चष्मा लावून,
मला हात लावू द्यायची नाही.
यंत्र मधूनच पिपाणीसारखं वाजलं.
नर्सनं येऊन बटण दाबलं.

उरलेल्या आठांचं काय करू, मी विचारलं.
फडकं धुतलंस?
नाही.
मग राहू दे तसंच.

घरी आले. रविवारच्या उसळीसाठी
उशीचा जुना अभ्रा फाडला
आणि मटकी त्यात बांधली.